कच्चा धागा माशाजवळ

ही हकिकत सांगायचं मी इतकी वर्षं टाळत आलो की टाळण्यातही एक सफाई आली. मासे पकडण्याचा विषय निघाला की मी आमिषांवर बोलायचो, पाण्याच्या रंगावर बोलायचो आणि गोष्ट दोऱ्यांवर आली की घरात चहाची ऑर्डर द्यायचो. ऐकणाऱ्यांना वाटायचं, म्हाताऱ्याला चहाची तलफ आली.

यंदा फाल्गुनात ते जमलं नाही. आमच्या वरच्या मजल्यावर मृण्मयी नावाची मुलगी राहते. हिंजवडीत नोकरीला आहे, आठवडाभर बसमध्ये आणि कॉम्प्युटरपुढे बसते आणि सुट्टीच्या दिवशी धरणाच्या पाण्यावर गळ टाकून बसते. मीही कधीकाळी हा उद्योग केलेला आहे हे तिला आमच्या हिने सांगितलं. परवा ती खाली आली आणि फोन माझ्यापुढे धरला. त्यावर रंगीबेरंगी पाकिटं होती. म्हणाली, "काका, कार्पसाठी हेअर रिग बांधतेय. हुकलिंकला, म्हणजे गळापाशी, विणलेला ब्रेड घेऊ की फ्लुरोकार्बन? आणि हेअर वेगळा बांधू की त्याच दोऱ्याचा ठेवू?"

हिला आत हाक मारून चहा सांगावा असं मनात आलं होतं. पण ही घरात नव्हती. मग मी त्या मुलीला जे सांगायला हवं होतं ते सांगितलं आणि ती गेल्यावर हे लिहायला बसलो. आधी मुद्द्याचं लिहून टाकतो, म्हणजे पुढे मला पळता येणार नाही. मुळेच्या काठच्या त्या डोहात जी मोठी मासळी मेली ती माझ्या गळाने मेली. माझ्यासोबत गळ टाकणाऱ्या मनोहर दिघोऱ्यांच्या नाही. दोष मात्र त्यांच्यावर गेला, आणि तो तिकडे जावा अशी व्यवस्था मीच केली.

फाल्गुन-चैत्राचे ते दिवस आले की मला अजून पाण्याचा वास येतो. पावसाळी नदीचा गढूळ वास नाही. धार थांबलेली असते, पाणी डोहाडोहांत विभागलेलं असतं, कडेचा चिखल भाजून त्याच्या पोळ्या सुटायला लागलेल्या असतात, आणि सकाळी उन्हं येण्याआधी त्या चिखलाला थोडा शेवाळाचा, थोडा काकडीसारखा असा गार वास असतो. पांगारा फुललेला असतो. खंड्या एकाच फांदीवरून पुन्हा पुन्हा पाण्यात सूर मारत असतो आणि बहुतेक वेळा रिकामाच परत येतो. त्याला बघून पेंडसे सर म्हणायचे, "आपल्यातलाच आहे."

पेंडसे सर शाळेतून निवृत्त झालेले गणिताचे शिक्षक. मी आणि दिघोरे खडकीला एकाच कारखान्यात, एकाच हुद्द्यावर. मी स्टोअर्सला, ते तपासणी विभागात. रविवारी सकाळी आम्ही तिघं हिंजवडीच्या पलीकडे एका गावात जायचो. त्या काळी तो रस्ता उसातून जायचा. मधेच एखादी काचेची इमारत उभी राहायला लागली होती, तिच्या भोवती पत्रे लावलेले, आणि पत्र्यांना टेकून शेळ्या सावलीत बसलेल्या. सन दोन हजार उजाडलं की जगातले सगळे संगणक गोंधळणार, अशी तेव्हा बोलवा होती, आणि त्या कामासाठी पुण्यातली पोरं भराभर परदेशी जात होती. माझा पुतण्याही इंग्लंडला गेला होता. त्याने एका सुट्टीत तिकडची मासेमारीची मासिकं आणली आणि त्यातून ही केसाची युक्ती आमच्यापर्यंत पोहोचली.

युक्ती अशी. सायप्रिनस, म्हणजे मृण्मयी म्हणते तो कार्प, हा परदेशातून आलेला आणि इथे रुळलेला मासा भारी संशयी. तळाशी पडलेला दाणा तो आधी तोंडात ओढून घेतो, चाखतो आणि जरा वेगळं वाटलं की थुंकतो. दाणा गळावर ओवलेला असला तर लोखंडाचा जडपणा त्याला लगेच कळतो. म्हणून दाणा गळावर ओवायचाच नाही. गळाच्या वाकापासून केसाइतका बारीक धागा सोडायचा आणि दाणा त्याला लटकवायचा. मासा दाणा ओढतो, मागून रिकामा गळ आत जातो. तो थुंकतो तेव्हा दाणा आधी बाहेर येतो, गळ मागे राहतो आणि खालच्या ओठात वळतो. मासिकात लिहिलं होतं की सुरुवातीला लोकांनी खरोखरचा माणसाचा केस वापरला. पेंडसे सरांनी आपल्या टकलावरून हात फिरवून सांगितलं, "माझ्याकडून अपेक्षा ठेवू नका."

त्या वर्षी माघापासूनच आम्ही या केसाच्या मागे लागलो. म्हणजे दिघोरे लागले आणि आम्ही त्यांच्या मागे. भंडाऱ्याकडच्या तलावांच्या मुलखातला हा माणूस, जातीने धीवर, म्हणजे इकडचे भोई. त्यांचे वडील-चुलते तलावात जाळं टाकणारे. दिघोरे स्वतः डिप्लोमा करून पुण्याला आले ते इथलेच झाले, पण पाणी दिसलं की त्यांची चाल बदलायची. पहिला केस त्यांच्या मंडळींच्या फणीतून आला. गुंतवळ शिकेकाईने धुऊन, एकेक केस निवडून त्यांनी आणला. त्यांच्या सौभाग्यवती मला एकदा म्हणाल्या, "माझ्या केसाले मासे लागून राहिले भाऊजी, अन् मले वेणीले केस नाही उरून राहिले." माणसाचा केस मऊ, पाण्यात दिसत नाही, सगळं उत्तम, पण गाठ धरत नाही. मेणाचं बोट लावलं तरी सुटते. मग रेसकोर्सकडून कुणीतरी घोड्याच्या शेपटीचे केस आणून दिले. ते गाठ धरत, पण ताठ. दाणा तळाशी सरळ बसण्याऐवजी पहारेकऱ्यासारखा उभा राहायचा. तंगूस, म्हणजे नायलॉनची पारदर्शक दोरी, गुंडाळीतून सुटल्यावरही वेटोळं विसरत नाही. रविवार पेठेतून आणलेलं रेशीम फार सुंदर निघालं, मऊ आणि चिवट. आम्हाला वाटलं हेच.

दिघोऱ्यांनी रेशीम नाकारलं. कारण विचारलं तर म्हणाले, ते लवकर कुजत नाही. शेवटी ज्यावर ते थांबले तो होता मंडईबाहेर गजरेवाल्या वापरतात तो पांढरा सुती दोरा. तो एकेरी काढून, चहाच्या पाण्यात बुडवून मातकट केलेला. केसही त्याचाच आणि गळापासून वरची वीतभर दोरीही त्याचीच, फक्त ती पिळून दुहेरी. दाणा मक्याचा किंवा भिजवलेल्या हरभऱ्याचा. सुईने ओवायचा आणि खाली खराट्याच्या काडीचा इवलासा तुकडा अडकवायचा, की निसटत नाही. दाणा आणि गळ यांच्यात तांदळाच्या दाण्याएवढं अंतर. शिसंसुद्धा मुख्य तंगुसाला पक्कं बांधायचं नाही, वेगळ्या कच्च्या दोऱ्याच्या फासाने लटकवायचं.

मी म्हणालो, अहो, एवढा मोठा मासा या गजऱ्याच्या दोऱ्यावर राहील का? तेव्हा ते त्यांच्या हळू आवाजात म्हणाले, "कच्चा माशाजवळ, पक्का माणसाजवळ. तुटाचंच असन तर माशाच्या तोंडाशी तुटलं पाहिजे."

याचा अर्थ नीट सांगायला हवा, कारण सगळं त्यावरच आहे. गळापाशी धागा कच्चा असेल तर झटापटीत तोच तुटतो. माशाच्या ओठात फक्त गळ राहतो आणि काही दिवसांत तो पडूनही जातो. उलट गळापाशी धागा पक्का आणि वरची दोरी त्याहून कच्ची असेल, तर तुटतं वर कुठेतरी, आणि मासा गळ, धागा, शिसं असं सगळं ओढत फिरतो. ते शिसं कुठल्या मुळीत, कपारीत अडकलं की मासा खुंट्याला बांधलेल्या जनावरासारखा तिथेच राहतो. खाता येत नाही, हलता येत नाही. हा नियम आम्ही तिघांनी मान्य केला होता आणि त्यावर आम्हाला तो डोह मिळाला होता.

तो डोह गावाचा होता. म्हसोबाच्या दगडाखाली, घाटाला लागून. तिथला मासा मारायचा नाही असा गावाचा रिवाज. सणाला घास पाण्यात पडायचा, एरवीही धुणं धुणाऱ्या बाया भाकरीचा तुकडा टाकायच्या. आम्हाला तिथे बसू दिलं होतं ते आबांनी. आबा म्हणजे गावातले जुने शेतकरी, घाटाची देखरेख त्यांच्याकडे. अट एकच, धरलेला मासा लगेच पाण्यात आणि इजा होता कामा नये. दिघोऱ्यांनी त्यांना कच्च्या धाग्याचं गणित घाटावर बसून समजावलं तेव्हा आबांनी दोरा स्वतः तोडून पाहिला आणि मान डोलावली. गावात त्यावर विनोद झालेच. पुण्याची माणसं उन्हात येऊन मासा धरतात आणि सोडून देतात, यांना घरी करमत नाही का, असं बाया आमच्या देखत बोलायच्या. पेंडसे सर घरी परतताना म्हणायचे, "मासा धरून सोडणारा आणि पाहुण्याला जेवायचं विचारून उत्तराची वाट न बघणारा, दोघेही एकाच गावात निपजतात."

डोहात एक फार मोठी मासळी होती. सायप्रिनसच, पण अंगावर खवले थोडे, मोठाले, आरशाच्या तुकड्यांसारखे. बाकी कातडी उघडी. बाया तिला आत्याबाई म्हणायच्या. ती सकाळी घाटाच्या पायरीपर्यंत यायची, भाकरी घ्यायची आणि कुणाचीही ओळख नसल्यासारखी निघून जायची.

ती दोनदा माझ्या गळाला लागली आणि दोन्ही वेळा धागा तोडून गेली. नियमाप्रमाणे तसंच व्हायचं होतं. दिघोऱ्यांच्या हातात मात्र ती एकदा काठापर्यंत आली होती, त्याच गजऱ्याच्या दोऱ्यावर. ते पाण्यात गुडघाभर उतरले होते, काठी आडवी धरून, दोरी सोडत आणि घेत, सोडत आणि घेत. तिला त्यांनी पाण्याबाहेर काढलंसुद्धा नाही. ओठातला गळ पाण्यातच सोडवला. घाटावरच्या बायांनी धुणं थांबवून पाहिलं होतं. आबांनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला होता. हे सगळं मला आवडलं नाही, हे मला आज लिहिता येतं. त्या वेळी मला वाटलं होतं की मला त्या मासळीत रस आहे.

पुतण्याने पाठवलेल्या सामानात एक लहान रीळ होतं. विणलेला परदेशी दोरा, शेवाळी रंगाचा, केसाइतका मऊ आणि इतका चिवट की दातांनी तुटेना. धाग्यात जे गुण आम्ही माघापासून शोधत होतो ते सगळे त्यात होते, एक सोडून. मी ते रीळ दोघांनाही दाखवलं नाही. दिघोऱ्यांनी शिकवलेल्या गाठीनेच त्याचा केस बांधला, गळ बांधला. शिसंही पक्कं बांधलं, कारण पक्कं शिसं असलं की गळ चांगला रुततो असं मासिकात होतं. मग आमचा रविवार नसताना, कारखान्यातून रजा टाकून, एकटाच गेलो.

ती लागली. त्या दोऱ्यावर तिचा प्रत्येक झटका माझ्या खांद्यात येत होता आणि मला वाटत होतं, आज ही कुठे जाते. ती गेली पलीकडच्या काठाला, पाण्यात उतरलेल्या जांभळाच्या मुळ्यांखाली. वर कुठेतरी कपारीला घासून तंगूस तुटलं. काठी हलकी झाली. मी काठीकडे बघत उभा राहिलो. खाली काय उरलं आहे हे मला त्याच क्षणी पक्कं माहीत होतं. तिच्या ओठात माझा गळ, त्यामागे न तुटणारा, न कुजणारा दोरा, त्यामागे शिसं. आबांना हाक मारली असती तर गावातली पोरं पाण्यात उतरली असती आणि तिला सोडवून आली असती. आबांचं घर घाटावरून दिसत होतं. मी सामान आवरलं आणि बसने घरी आलो. दोन दिवसांत सुटेल ती, असं स्वतःला सांगत राहिलो.

रविवारी आम्ही गेलो तेव्हा घाटावर नेहमीपेक्षा जास्त माणसं होती. आत्याबाई पायरीवर केळीच्या पानावर ठेवलेली होती. मुळ्यांत अडकून मेली होती. पोहणाऱ्या एका गड्याने दोरा कोयत्याने कापून तिला वर आणली होती. आबांच्या हातात गळ, दोरा आणि शिसं होतं. ते रागावलेले नव्हते, थकलेले दिसत होते. म्हणाले, "ह्ये कुनाचं हाय, तेवढं सांगा."

दिघोऱ्यांनी ते हातात घेतलं. गाठ पाहिली. दोरा नखावरून ओढून पाहिला. मग शांतपणे म्हणाले, "गाठ माझी आहे. धागा माझा नाही."

आता गप्प बसणं एवढंच मी केलं असतं तरी पाप लहान झालं असतं. पण मी बोललो. मी म्हणालो, "मग कोणाचा?"

तो प्रश्न मी अगदी स्वाभाविक आवाजात विचारला. पेंडसे सरांनी माझ्याकडे पाहिलं, मग दिघोऱ्यांकडे. पेंडसे सरांनाही गाठ कुणाची ते माहीत होतं आणि तेवढंच माहीत होतं. गर्दीतल्या एकाने हिशोब मांडून टाकला: "ही दोघं बामनं, मासा खात न्हाईत. ह्यो जातीचा भोई. मग मारंल कोन?" आबांनी त्याला गप्प केलं, पण आबांचेही डोळे तोपर्यंत दिघोऱ्यांवर जाऊन थांबले होते. दिघोऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं. संशयाने नाही. हा माणूस आता आपल्या बाजूने काहीतरी बोलेल अशा खात्रीने पाहिलं. मी शिशाकडे बघत होतो.

ते गावकऱ्यांशी वाद घालत बसले नाहीत. आबांना नमस्कार केला आणि बस थांब्याकडे चालत गेले. पुन्हा त्यांना डोहावर येऊ नका असं कुणी तोंडाने सांगितलं नाही, सांगावं लागलं नाही. आम्ही दोघं मात्र त्यानंतरही एक-दोन रविवार गेलो. हेही नोंदवून ठेवतो.

पुढे एकदा कारखान्याच्या सायकल स्टँडवर त्यांनी मला थांबवलं. सायकलची कडी लावत, वर न बघता विचारलं, "देवधर, तुम्हाले तरी वाटते का, मी असं करीन म्हणून?"

मी म्हणालो, "सोडा हो आता. मासाच तर होता."

त्यांनी कडी लावली, किल्ली खिशात टाकली आणि आत गेले. त्यानंतर बोलणं कामापुरतं राहिलं. त्यांनी मासेमारी सोडली. त्यांच्या मंडळींनी आमच्या हिला सांगितलं की सगळं सामान त्यांनी वाटून टाकलं, आता रविवारी घरीच बसून रेडिओ दुरुस्त करतात.

डोह आता नाही असं म्हणता येणार नाही, पण ओळखू येत नाही. घाटाच्या जागी सिमेंटची भिंत आहे, तिच्यावर एका सोसायटीची बाग, पाण्याला साबणासारखा फेस. आबा गेले, पेंडसे सर गेले. दिघोरे निवृत्तीनंतर भंडाऱ्याला परत गेले आणि मागच्या वर्षी तेही गेले. त्यांच्या मुलाने कळवलं. आता माझं ऐकून मला माफ करू शकेल असं कुणी उरलेलं नाही. म्हणूनच लिहायला धीर झाला असेल, असंही मला वाटतं, आणि ते काही फारसं शोभणारं नाही.

मृण्मयीला मी सांगितलं, ब्रेड नको. सुती दोरा घे, एकेरी, आणि शिसं कच्च्या फासाने बांध. तिने विचारलं, "पण काका, मोठा कार्प तोडून जाईल ना?" मी म्हणालो, जाऊ दे. ती हसली आणि म्हणाली की हे लॉजिक भारी आहे, कोणी शिकवलं? मी नाव सांगितलं. मनोहर दिघोरे. इतक्या वर्षांत ते नाव मी मासेमारीच्या बोलण्यात प्रथमच उच्चारलं. कोण होते, हे तिने विचारलं नाही, तिला मीटिंग होती.

दिघोरे भंडाऱ्याला गेल्यावर एक संधी मला मिळाली होती. दिघोऱ्यांच्या धाकट्या मुलीचं लग्न त्यांच्या गावी झालं, आणि त्यांनी आग्रहाने बोलावलं. मी एकटाच गेलो. जायचं कारण लग्न नव्हतं. काय बोलायचं ते मी प्रवासभर जुळवलं होतं, अगदी साधी वाक्यं: दिघोरे, तो दोरा माझा होता. मी घाबरलो आणि तुम्हाला पुढे केलं. सायकल स्टँडवर तुम्ही विचारलंत तेव्हाही उत्तर टाळलं. मला क्षमा करा.

मांडवात त्यांनी माझी सगळ्यांशी ओळख करून दिली. "हे माझे पुण्याचे मित्र." दर वेळी हेच. त्यांचा एक भाचा म्हणाला, मामा, पाहुण्यांना तलावावर घेऊन जा, गळ टाकू. दिघोरे म्हणाले, ते आता मी करत नाही, पण पाणी दाखवतो. जेवणं झाल्यावर आम्ही दोघंच तलावाच्या पाळीवर, मातीच्या बांधावर गेलो. दुपारची वेळ, कमळाची पानं वाऱ्याने उलटी होत होती. त्यांनी उपरण्याने दगड झटकून मला बसायला जागा केली आणि स्वतः शेजारी बसले. मग मी म्हणालो, "दिघोरे, मला तुमच्याशी जरा बोलायचं होतं."

ते माझ्याकडे वळून बसले. पुरते वळले. हातातली सुपारी तोंडात टाकायची थांबवली.

"बोला ना, देवधर."

पाण्यात कुठेतरी मासा उसळला. त्यांनी तिकडे पाहिलं नाही, माझ्याकडेच बघत होते. मी म्हणालो, "भात फार छान झाला होता. तांदूळ कोणता?"

ते वळले, सुपारी तोंडात टाकली आणि पाण्याकडे बघत म्हणाले, "चिन्नोर." घरच्याच भाताच्या बांधीतला आहे, खत कमी घातलं तर वास टिकतो, जुना झाला की आणखी चांगला लागतो, असं सगळं त्यांनी मला सावकाश, नीट सांगितलं. मी मान डोलावत राहिलो. निघताना त्यांनी माझ्या पिशवीत त्या तांदळाची एक पुरचुंडी स्वतःच्या हाताने ठेवली. गाडी सुटेपर्यंत ते फलाटावर उभे होते, आणि मी खिडकीतून त्यांना आणखी एकदा सांगितलं की भात फार छान झाला होता.